ट्रेनर यादीत दिसतो, तरी जोडला का जात नाही?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीजवळ आले आणि त्यापाठोपाठ रेडेडोह फुटल्याची, म्हणजे नदीचे पाणी पात्र सोडून बाहेर पसरल्याची, बातमी कानावर पडली, की कोल्हापुरातल्या सायकलस्वारांना पन्हाळ्याचा रस्ता काही दिवस विसरावा लागतो. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर मी ठरवले की पावसाळ्यातला सराव घरातच करायचा, आणि मागचे चाक काढून सायकल थेट ज्यावर बसवता येते असा स्मार्ट ट्रेनर विकत घेतला. मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर खिडकीजवळ तो ठेवला आहे. पहिल्या पावसाळ्यात मात्र जोडणी तुटल्यामुळे माझे कितीतरी सराव अर्धवट राहिले. कधी चढ सुरू असताना पायडल एकदम हलके व्हायचे, कधी पडद्यावरचे वॅट शून्यावर यायचे, तर कधी ट्रेनर यादीत दिसत असूनही जोडलाच जायचा नाही. त्या काळात मी एक वही केली आणि तारीख, वेळ, काय घडले व मी काय बदलले एवढे चार रकाने आखून प्रत्येक वेळी नोंद ठेवत गेले. पुढे लिहिले आहे ते बरेचसे त्या वहीतले आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण ती कळेपर्यंत माझे दोन महिने वाया गेले. आपण सरसकट 'कनेक्शन गेले' असे म्हणतो, पण ट्रेनरच्या बाबतीत कनेक्शन एक नसते. पायडलवरचा जोर ट्रेनर मोजतो, तो आकडा रेडिओ लहरींवरून संगणकापर्यंत किंवा मोबाईलपर्यंत जातो, तिथले अ‍ॅप तो घरच्या वाय-फायवरून इंटरनेटवरच्या सर्व्हरला पाठवते आणि चढ आला की अ‍ॅपकडून ट्रेनरला उलट दिशेने 'अवरोध वाढव' असा हुकूम येतो. यातला कोणताही दुवा निखळला तरी सराव बिघडतो, पण प्रत्येक दुवा निखळण्याची खूण वेगळी असते. झ्विफ्टसारख्या, पडद्यावरच्या आभासी रस्त्यावर इतरांबरोबर सायकल चालवता येते अशा अ‍ॅपमध्ये आजूबाजूचे सगळे सायकलस्वार एकाएकी नाहीसे झाले, पण आपली आकृती चालत राहिली आणि वॅट दिसत राहिले, तर इंटरनेट गेले आहे आणि ट्रेनर ठीक आहे. याउलट बाकीचे सायकलस्वार पुढे जात आहेत आणि आपले वॅट मात्र शून्य झाले आहेत, तर इंटरनेट ठीक आहे आणि ट्रेनर व संगणक यांच्यामधला रेडिओचा दुवा तुटला आहे. आकडे येत आहेत पण चढावर पायडल जड होत नाही, असे असेल तर वाचन चालू आहे आणि हुकूम पोचत नाही. या तीन खुणा ओळखता येण्याआधी मी राउटर बदलून घेतला होता, आणि माझा दोष राउटरमध्ये नव्हताच.

तो दोष कुठे होता हे सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण ब्लूटूथवरच्या ट्रेनरची सर्वांत जास्त आढळणारी अडचण तीच असावी असे मला आता वाटते. वहीत पाहिल्यावर लक्षात आले की ट्रेनर जोडला न जाण्याच्या जवळपास सगळ्या नोंदी सकाळी साडेपाच ते सहाच्या दरम्यानच्या आहेत. संध्याकाळी सराव केला तर अडचण येत नव्हती. सुट्टीला आलेल्या भाच्याने ती पाने चाळली आणि विचारले, "आत्या, सकाळी या वेळेला घरात दुसरा कुठला मोबाईल चालू असतो का?" माझा जुना मोबाईल मी सासूबाईंना दिला होता. देवघर माडीच्या बरोबर खाली आहे आणि मधे फक्त लाकडी तक्तपोशी आहे. पहाटे त्या छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर भूपाळ्या लावत, म्हणजे त्या वेळी त्या मोबाईलचे ब्लूटूथ चालू असे, आणि ट्रेनरचे अ‍ॅप मी त्यावरून कधी काढलेच नव्हते. मी वर पायडल मारून ट्रेनर जागा केला, की खाली मागच्या बाजूला उघडे राहिलेले ते अ‍ॅप माझ्याआधी त्याला जोडून घेत होते. अनेक ट्रेनर, विशेषतः जुने, ब्लूटूथवर एका वेळी एकाच उपकरणाशी बोलतात. नव्यांपैकी काही दोन-तीन जोडण्या देतात, पण अवरोधाचा ताबा त्यातही एकाच अ‍ॅपकडे असलेला बरा. सासूबाईंच्या परवानगीने ते अ‍ॅप काढून टाकले. "अगं, मग आधी नाही का सांगायचंस," एवढेच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी साडेपाचला ट्रेनर पहिल्याच प्रयत्नात जोडला गेला आणि भूपाळ्याही चालू राहिल्या.

म्हणून कोणी मला ट्रेनर सापडत नसल्याचे सांगितले, तर मी आधी घरातल्या प्रत्येक मोबाईलची, टॅबची आणि घड्याळाची चौकशी करते. त्याच्या जोडीला दुसरी एक चूक पुष्कळदा झालेली असते. मोबाईलच्या किंवा संगणकाच्या सेटिंगमधल्या ब्लूटूथच्या पानावर जाऊन ट्रेनर हेडफोनसारखा 'पेअर' केलेला असतो. असे करू नये. तिथून तो विसरायला लावावा आणि जोडणी फक्त सरावाच्या अ‍ॅपमधूनच करावी. अँड्रॉइडवर परवानग्याही तपासाव्यात. अँड्रॉइड 11 पर्यंत ब्लूटूथची उपकरणे शोधण्यासाठी अ‍ॅपला लोकेशनची परवानगी लागत असे, अँड्रॉइड 12 पासून 'जवळची उपकरणे' अशी वेगळी परवानगी आली, आणि ती एकदा नाकारली गेली असेल तर अ‍ॅप काही तक्रार न करता नुसती रिकामी यादी दाखवते.

आता रेडिओकडे वळते. स्मार्ट ट्रेनर साधारणपणे दोन पद्धतींनी बोलतात, ब्लूटूथ आणि अँट प्लस. दोन्ही 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात आणि घरचे वाय-फाय, शेजाऱ्यांचे वाय-फाय व स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह हे सगळे त्याच पट्ट्यात असतात. फरक असा की अँट प्लसचे सेन्सर 2457 मेगाहर्ट्झ या एकाच ठरावीक जागी बोलतात, तर ब्लूटूथ जोडणी झाल्यावर 37 वाहिन्यांवर सतत उड्या मारत राहते. वाय-फायच्या 11 व्या चॅनेलचा मध्य 2462 मेगाहर्ट्झवर आहे आणि त्याची रुंदी 20 मेगाहर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे राउटर 11 वर असेल तर तो अँट प्लसच्या जागेवरच बसलेला असतो. पहिल्या चॅनेलचा मध्य 2412 वर असल्यामुळे तो या जागेपासून सर्वांत दूर आहे. पेठेतल्या घरांच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असल्याने माझ्या माडीवर शेजारपाजारची डझनभर नेटवर्क दिसतात आणि त्यांच्यावर माझा काही इलाज नाही, पण माझा राउटर मी पहिल्या चॅनेलवर आणून रुंदी 20 मेगाहर्ट्झवर कायम केली, आणि संगणक शक्य तितका 5 गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर ठेवला. हा शेवटचा बदल ब्लूटूथ वापरणाऱ्यांनाही उपयोगी पडतो, कारण पुष्कळ लॅपटॉपमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ यांची चिप आणि अँटेना सामाईक असते.

याच ठिकाणी शीर्षकातल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर सापडते. ब्लूटूथचे उपकरण 'मी इथे आहे' अशी हाक फक्त तीन वाहिन्यांवर देते, 2402, 2426 आणि 2480 मेगाहर्ट्झ, आणि या तिन्ही जागा वाय-फायच्या 1, 6 आणि 11 या चॅनेलांच्या मधल्या किंवा बाहेरच्या मोकळ्या पट्टीत येतात. त्यामुळे गर्दीतही ट्रेनरचे नाव यादीत सहज झळकते. पण प्रत्यक्ष बोलणे उरलेल्या 37 वाहिन्यांवर चालते, आणि तिथे वाय-फायची गर्दी असते. यादीत नाव दिसणे म्हणजे जोडणी चांगली असणे नव्हे.

अँट प्लस वापरणाऱ्यांनी डोंगल, म्हणजे ट्रेनरच्या लहरी पकडण्यासाठी संगणकाच्या यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर, कुठे लावला आहे हे जरूर पाहावे. माझा डोंगल संगणकाच्या मागच्या बाजूला यूएसबी 3.0 च्या खाचेत होता. यूएसबी 3.0 च्या खाचा आणि वायरी 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात, हे इंटेलने 2012 मध्येच एका तांत्रिक लेखात मांडले होते. शिवाय संगणक माझ्या समोर आणि ट्रेनर माझ्या पाठीशी, म्हणजे मधे माझेच शरीर. शरीरात पाण्याचे प्रमाण मोठे असते आणि पाणी या लहरी चांगल्याच शोषून घेते. लक्ष्मीपुरीतून दोन मीटरची साधी यूएसबी एक्स्टेन्शन वायर आणली, डोंगल यूएसबी 2.0 च्या खाचेतून ओढून ट्रेनरपासून हातभर अंतरावर, घाम गळणार नाही अशा बाजूला ठेवला, आणि वॅटच्या आलेखातल्या ज्या खाचा मला दर पाच-दहा मिनिटांनी दिसत होत्या त्या दिसेनाशा झाल्या. या सबंध शोधात इतक्या कमी खर्चात इतका फरक दुसऱ्या कशानेही पडला नाही.

तरीही एक खाच उरली होती आणि ती विचित्र होती. तीव्र सरावात, सीटवरून उठून पायडल मारताना, ट्रेनर दोन-तीन सेकंद पूर्ण गप्प व्हायचा आणि मग परत यायचा. मी आधी याचाही दोष लहरींवर ठेवला. एका संध्याकाळी खोलीतला दिवा मालवून फक्त ट्रेनरच्या एलईडीकडे पाहत सराव केला, तेव्हा दिसले की गप्प होण्याच्या क्षणी जोडणीचा निळा दिवा नुसता लुकलुकत नाही, तर सगळे दिवे एकदम विझतात आणि ट्रेनर सुरू करताना ज्या क्रमाने लागतात त्याच क्रमाने पुन्हा लागतात. म्हणजे जोडणी तुटत नव्हती, ट्रेनरची वीजच तुटत होती. अडॅप्टरची गोल पीन ट्रेनरच्या खोबणीत सैल झाली होती. बोटाने किंचित हलवली तरी दिवे जात. उद्यमनगरात मोटारींची कामे करणाऱ्या ओळखीच्या मिस्त्रींनी वायर पिनेपाशी कापून नवी पीन डाग देऊन बसवली आणि वायर ट्रेनरच्या पायाला पट्टीने बांधून दिली, म्हणजे हेलकाव्याचा ताण पिनेवर येऊ नये. ट्रेनर वॉरंटीत असेल तर असे काही करण्याआधी कंपनीला विचारावे. माझी वॉरंटी संपली होती.

बिघाड नसताना बिघाड वाटायला लावणारी एक गोष्टही इथेच सांगते. अर्ग मोडमध्ये अ‍ॅप ठरावीक वॅट धरून ठेवते; तुम्ही पायडल हळू केले तर तेवढेच वॅट भरून काढण्यासाठी ट्रेनर जड होतो. 200 वॅटवर मिनिटाला 90 फेऱ्या असतील तर क्रँकवर, म्हणजे पायडलच्या दांड्यावर, साधारण 21 न्यूटन-मीटर बल-आघूर्ण (फिरवणारा जोर) लागते, तर 60 फेऱ्यांवर तेच सुमारे 32 होते. थकलेला पाय आणखी हळू होतो, ट्रेनर आणखी जड होतो, आणि शेवटी पायडल अडकल्यासारखे थांबते. एका मैत्रिणीने ट्रेनर 'जाम' होतो म्हणून तो परत पाठवायची तयारी केली होती, आणि त्यात काहीही बिघडलेले नव्हते. अशा वेळी काही सेकंद पायडल सोडून द्यावे, अवरोध उतरू द्यावा आणि मग फेऱ्या वाढवत परत यावे.

आता फर्मवेअर, म्हणजे ट्रेनरच्या आत साठवलेला आणि त्याला चालवणारा प्रोग्राम. याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: वर सांगितलेले सगळे तपासून होईपर्यंत फर्मवेअरला हात लावू नये. अडचण आली की 'अपडेट करून बघ' हा सल्ला सर्रास दिला जातो, पण अपडेट हीच या सगळ्यातली सर्वांत जोखमीची पायरी आहे, आणि सैल पीन, चुकीच्या जागेचा डोंगल किंवा खालच्या मजल्यावरचा मोबाईल कोणत्याही नव्या आवृत्तीने दुरुस्त होत नाही. नव्या आवृत्तीबरोबर काय बदलले याची टीप कंपन्या देतात. त्यात आपली अडचण नेमकी नोंदलेली असेल, किंवा सरावाच्या अ‍ॅपनेच नवी आवृत्ती आवश्यक केली असेल, तर अपडेट जरूर करावे. मात्र ते शर्यतीच्या किंवा चाचणीच्या आदल्या रात्री करू नये, कारण मागच्या आवृत्तीवर सहज परतण्याची सोय प्रत्येक ट्रेनरला असतेच असे नाही.

हे मी जोखीम अनुभवून लिहिते आहे. गेल्या जुलैमधल्या एका रात्री, बाहेर मुसळधार पाऊस चालू असताना, मी मोबाईलवरून अपडेट सुरू केले. ब्लूटूथवरून फर्मवेअर तुकड्या-तुकड्यांनी जाते, त्यामुळे फाईल लहान असली तरी वेळ लागतो. टक्केवारी 64 वर आली आणि लाईट गेली. इन्व्हर्टरवर फक्त दिवे आणि पंखे होते. माडीवरचा प्लग त्यावर नव्हता. लाईट परत आली तेव्हा ट्रेनरचा एकच दिवा मंद लुकलुकत होता, पायडल फिरवले तरी काही बदल नव्हता, आणि अ‍ॅपमध्ये माझ्या ट्रेनरचे नाव कुठेच नव्हते. त्या क्षणी मी एवढी मोठी रक्कम पाण्यात गेली असे धरून चालले होते.

ट्रेनर मेला नव्हता. अशा उपकरणांमध्ये बूटलोडर नावाचा एक छोटा प्रोग्राम मुख्य फर्मवेअरपासून वेगळा साठवलेला असतो, आणि मुख्य फर्मवेअर अपुरे राहिले तरी तो जागा राहून नव्या फाईलची वाट पाहतो. त्या अवस्थेत उपकरण पुष्कळदा आपल्या नेहमीच्या नावाने ओळख देत नाही, म्हणून आपल्याला ते नाहीसे झाल्यासारखे वाटते. मी मोबाईलच्या ब्लूटूथच्या जुन्या नोंदी काढून टाकल्या, अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडले, आणि यादी नीट वाचली तेव्हा अक्षरे व आकडे यांचे एक अनोळखी नाव दिसले. ट्रेनरची वीज काढून मिनिटभराने पुन्हा जोडली, तेव्हा ते नाव गेले आणि थोड्या वेळाने परत आले. म्हणजे ते माझेच होते, शेजाऱ्यांच्या कुठल्या उपकरणाचे नव्हते. माझ्या मोबाईलवरून दोनदा प्रयत्न फसला. भाच्याच्या मोबाईलवर अ‍ॅप नव्याने टाकले, त्यात अपुरे अपडेट पुढे चालू करण्याचा पर्याय आपणहून आला, आणि या वेळी ते पूर्ण झाले. दुसरा मोबाईल वापरून पाहणे हा उपाय अगदी साधा वाटतो, पण जुन्या जोडणीचे अवशेष नसलेला मोबाईल अशा वेळी खरोखर कामी येतो.

तेव्हापासून अपडेट करताना मी काय करते ते सांगते. मोबाईल निदान अर्धा चार्ज असतो आणि ट्रेनरच्या शेजारी ठेवलेला असतो, खिशात नाही. बॅटरी वाचवणारा मोड बंद, पडदा आपोआप विझण्याची सोय बंद, आणि अ‍ॅप समोर उघडे, कारण पडदा विझला की काही मोबाईल मागच्या अ‍ॅपला झोपवतात आणि अपडेट मधेच तुटते. घड्याळ, हेडफोन आणि डोंगल यांतले काहीही त्या वेळी ट्रेनरशी बोलत नसते. आणि ट्रेनर संगणकाच्या यूपीएसवर असतो. यूपीएस एवढा भार पेलेल का, अशी शंका मलाही होती. पण अवरोधाची शक्ती आपल्या पायांतून येते, भिंतीतल्या विजेतून येत नाही, आणि ट्रेनरला वीज लागते ती त्याच्या इलेक्ट्रॉनिक्सला व चुंबकाच्या नियंत्रणाला. अडॅप्टरवर आउटपुटपुढे छापलेले व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार केला की जास्तीत जास्त किती वॅट लागतील ते कळते. माझ्या अडॅप्टरचा आकडा साध्या यूपीएसच्या आवाक्यात सहज बसला.

अपडेटनंतर स्पिनडाऊन, म्हणजे ट्रेनरचे मोजमाप पुन्हा जुळवून घेण्याची चाचणी, करायला विसरू नये. दहा-पंधरा मिनिटे पायडल मारून ट्रेनर गरम झाला, की अ‍ॅप सांगेल त्या वेगापर्यंत नेऊन पाय सोडायचे आणि ट्रेनरमधले चाक किती वेळात थांबते ते ट्रेनरला मोजू द्यायचे. ज्यांच्या ट्रेनरला याची गरज नसते त्यांच्या माहितीपुस्तिकेत तसे लिहिलेले असते. हे न केल्यामुळे अपडेटनंतर माझे वॅट आठवडाभर जास्त दिसत होते आणि त्या आठवड्याचे आकडे मी वहीत खोडून ठेवले आहेत.

यूपीएसने आणखी एक कोडे सोडवले, ज्याची नोंद वहीत बरेच दिवस कारणाशिवाय पडून होती. आठवड्यातून तीन-चार वेळा, सहाच्या सुमारास, बाकीचे सायकलस्वार पडद्यावरून नाहीसे होत आणि चार-पाच मिनिटांनी परत येत; म्हणजे वरच्या खुणेप्रमाणे इंटरनेटचा दुवा. त्याच वेळी गल्लीत नळाला पाणी येते आणि घरोघरच्या मोटारी एकदम सुरू होतात. व्होल्टेज क्षणभर खाली येई, दिवा डोळ्यांना जाणवेल एवढा मंद होई, ट्रेनरचा अडॅप्टर 100 ते 240 व्होल्टपर्यंतचा असल्यामुळे ते सहज निभावून नेई, पण राउटरचा साधा अडॅप्टर तेवढ्यात दम टाकी आणि राउटर पहिल्यापासून सुरू होई. राउटरही त्याच यूपीएसवर घेतला. आता पाणी आल्याचे मला मोटारींच्या आवाजावरून कळते, आणि पडद्यावरचे सायकलस्वार जागच्या जागी असतात.